पॅसेजच्या टोकाचं टेबल

माझं काम मेडिक्लेमचे दावे तपासण्याचं. हॉस्पिटलचं बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट, तारखा, हे सगळं एकमेकांशी जुळतंय का ते बघायचं आणि जुळत नसेल तर विचारायचं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे ऐकीव गोष्टींवर माझा पटकन विश्वास बसत नाही. इथे जे सांगतेय ते मी स्वतः अनुभवलंय, आणि जे मी पाहिलं नाही ते ज्यांनी पाहिलं त्यांना समोर बसवून विचारलंय.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. दुसरा मजला, हॉल, एक बेडरूम आणि हॉलपासून बाथरूमपर्यंत जाणारा लांब पॅसेज. मी, माझा नवरा देवदत्त आणि माझे सासरे. त्यांना सगळेच अण्णा म्हणतात. अण्णा मूळचे मालवणकडचे. उमेदीची सगळी वर्षं परळच्या गिरणीत गेली. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू कमजोर झाली. वॉकर धरून चालतात, पण उठताना कोणीतरी जवळ लागतं. देवदत्त ठाण्याला कामाला जातो. म्हणून ऑफिसने मला घरून काम करायची सवलत दिली होती, आणि त्या सवलतीवरच आमचं घर चालत होतं.

मग खिडकीसमोरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली.

काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरचा आवाज कानापेक्षा दातांत जास्त जाणवतो. सकाळी सुरू व्हायचा तो अंधार पडेपर्यंत. मी डायनिंग टेबलवर बसून काम करायचे. आधी हेडफोन लावले, मग हेडफोनच्या आत कापूस. खिडक्या बंद केल्या की गुदमरायचं, उघडल्या की सिमेंटची पूड कीबोर्डवर बसायची. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची, उठायचं, पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं. माझ्या तपासणीत चुका निघायला लागल्या. दोन वेगळ्या पेशंटचे रिपोर्ट मी एकाच दाव्याला जोडले, तेव्हा माझी टीम लीड शीतल हिचा फोन आला.

"इरावती, मी तुला सांभाळून घेतेय, पण वरून विचारतायत," ती म्हणाली. "घरी नीट जागा कर ना बसायला. नाहीतर रोज विक्रोळीला ऑफिसात यावं लागेल."

"मग अण्णांना कोण बघणार?"

"तेच म्हणतेय मी. जागा कर."

अण्णांना मात्र ब्रेकरचं काहीच वाटायचं नाही. "आमच्या साच्याखात्यात ह्याच्या धापट आवाज," ते म्हणायचे. "तोंडाकडे बघून बोलूचा लागायचा." मागांच्या गोंगाटामुळे गिरणीतली माणसं ओठ वाचतात हे मला लग्नानंतर कळलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत असलो तरी अण्णांना हॉलमधून अर्धं समजायचं.

मी टेप घेऊन घरभर फिरले. बेडरूममध्ये कपाटामुळे खुर्ची मागे सरकत नव्हती. बाल्कनीत ऊन आणि धूळ. शेवटी पॅसेजच्या टोकाला, बाथरूमच्या दाराच्या थोडं पुढे, भिंतीत एक खोलगट जागा होती तिथे गेले. आम्ही तिथे सुटकेसा रचून ठेवल्या होत्या. त्या काढल्या, आत उभी राहिले आणि टेप उघडली.

ब्रेकर बंद झाला.

मला वाटलं, कामगारांची चहाची सुट्टी झाली. रुंदी मोजली, आकडा मोबाइलमध्ये टाकायला बाहेर आले, तर ब्रेकर चालूच होता. पुन्हा आत गेले. बंद. एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून उभी राहिले तेव्हा आवाज फक्त डाव्या कानात येत होता.

संध्याकाळी देवदत्तला तिथे उभं केलं. तो आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिला आणि हसला.

"झकास आहे यार," तो म्हणाला. "भिंतींचा कोन तसा असेल. आवाजाच्या लाटा एकमेकींना मारत असतील. तुझे महागडे हेडफोन दुसरं काय करतात?"

हे मला पटलं. पटावं असंच होतं ते.

त्या आठवड्यात आम्ही ती जागा मनापासून सजवली. सोसायटीत काम करणाऱ्या राजेश सुताराने भिंतीला धरून टेबल करून दिलं. पाठीला आधार देणारी खुर्ची आणली. मान वाकू नये म्हणून स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर घेतला. डाव्या हाताला पिवळ्या उजेडाचा दिवा, सगळ्या वायरी टेबलाखाली बांधलेल्या, एका बाटलीत मनीप्लांट. समोर कोरी भिंत. हॉलमध्ये अण्णांच्या पलंगावरून बघितलं तर माझा एका बाजूचा चेहरा दिसायचा, म्हणजे ते मला दिसत नसले तरी त्यांना मी दिसत होते.

पहिल्या दिवशी मी बसले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत दिवसाचं सगळं काम संपवलं. किती दिवसांनी डोकं असं स्वच्छ झालं होतं ते सांगता येणार नाही. एकेक तारीख, एकेक सही आपणहून पुढे येत होती. महिनाअखेरीला शीतलने सगळ्या टीमसमोर माझं नाव घेतलं.

कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू आल्या नाहीत, डाळ करपली. दारावरची बेल ऐकू आली नाही. हे होणारच होतं. देवदत्तने त्यावर साधा उपाय काढला. अण्णांच्या उशाशी एक बटण बसवलं आणि त्याची वायर पॅसेजमधून आणून माझ्या टेबलावर छोटा लाल बल्ब लावला. अण्णांना काही लागलं की त्यांनी बटण दाबायचं, बल्ब पेटेल, मी उठेन. आम्ही तीन-चारदा करून पाहिलं. व्यवस्थित चालत होतं.

मग एका संध्याकाळी देवदत्त ऑफिसमधून आला आणि पॅसेजमध्ये उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "चहा टाक ना, मी आलेच." तो तसाच बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं.

"काय?" असे त्याचे ओठ हलले.

माझ्यापासून हातभर अंतरावर होता तो. मी उठून बाहेर आले आणि विचारलं, "ऐकू नाही आलं?"

"तू नुसतं तोंड हलवत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं मस्करी करतेयस."

म्हणजे आतला आवाजही बाहेर जात नव्हता. लाटांचाच नियम, दोन्ही बाजूंना सारखा, असं देवदत्त म्हणाला. पण ऑफिसच्या कॉलवर मात्र मी सगळ्यांना नीट ऐकू यायचे. उलट शीतलने एकदा मध्येच थांबून विचारलं, "तुझ्या मागे कोण बोलतंय गं? त्यांना जरा हळू बोलायला सांग ना."

"कोणीच नाही. टीव्हीपण बंद आहे."

"बाई बोलतायत कोणीतरी. शेजारच्या खोलीतून यावं तसं." तिने पुन्हा कान दिला. "आता नाही येत. जाऊ दे."

तोपर्यंत मला त्या जागेची सवय झाली होती. सवय हा शब्द अपुरा आहे. बाहेर कुठेही बसले की अंगात मुंग्या यायच्या. जेवताना चमच्यांचा आवाज सहन व्हायचा नाही. टीव्हीवरच्या बातम्या, लिफ्टचं दार, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, प्रत्येक आवाज मला उठवायचा. मी घास अर्धा टाकून पॅसेजमध्ये जाऊन बसायचे. रविवारी काही काम नसतानाही एकदा जाऊन बसले, स्क्रीन बंद ठेवून. देवदत्तने खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी दचकले. मला बाहेर आणून तो म्हणाला, "इरा, दुपार गेली सगळी." मला वाटत होतं मी नुकतीच बसलेय.

आणि शांतता वाढत होती. सुरुवातीला निदान कीबोर्डचा आवाज यायचा. पुढे तोही येईना. बोटं चालताना दिसायची, अक्षरं उमटायची. बाथरूमचा नळ पूर्वी दारात गेलं की ऐकू यायचा. आता बादली भरताना पाणी नुसतं पडताना दिसायचं. मी देवदत्तला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने टेबल हलवलं असतं.

एका दुपारी अण्णांना औषध देत होते. त्यांनी गोळी गिळली, पाणी प्यायलं आणि ग्लास परत देताना विचारलं, "काम करताना कोणाशी बोलतस तू?"

"कोणाशी नाही. फोन असला तर फोनवर."

"फोन नसताना. ओठ हलतत तुझे."

"वाचत असेन मनातल्या मनात."

मी ग्लास घेऊन वळले, पण राहवलं नाही. "काय म्हणते मी, अण्णा?"

अण्णांनी माझ्याकडे न बघता पांघरूण सारखं केलं. "एकच शब्द," ते म्हणाले. "आले. सारखा तोच. आले, आले, आले."

त्यानंतर मी एकदा काम करताना मोबाइलचा कॅमेरा स्वतःकडे लावून ठेवला. नंतर बघितलं तर मी शांतपणे टाइप करत होते, ओठ घट्ट मिटलेले. मी ते अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि फोन परत दिला. "ह्याच्यात नाय दिसत," एवढंच म्हणाले.

म्हातारपण, झटका, डोळ्यांवरचा मोतीबिंदू. मी दावे तपासते, कारणं शोधायला मला वेळ लागत नाही.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी माझ्यासमोर एक गुंतागुंतीचा दावा होता. ऑपरेशनची तारीख आणि भरती झाल्याची तारीख जुळत नव्हती. चहा शेजारी ठेवला होता. मी दोन कागद शेजारी शेजारी उघडले, वाचायला लागले, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात लाल दिसलं. बल्ब पेटला होता. मी लगेच उठले. हे मी कोणासमोरही शपथेवर सांगेन, लगेच उठले.

उठताना हात बल्बला लागला. बोट भाजलं.

आत्ता पेटलेला बल्ब इतका तापत नाही. मी चहाकडे बघितलं. त्यावर जाड साय धरली होती. हॉलमध्ये आले तेव्हा ब्रेकर एकदम अंगावर आला. चहा केला तेव्हा ऊन खिडकीपाशी होतं. आता ते भिंतीवर चढलं होतं, तांबूस झालेलं.

अण्णा पलंगाखाली पडले होते. वॉकर आडवा. एक हात अंगाखाली अडकलेला. लेंगा ओला होऊन वाळत आला होता.

मी त्यांना उचलायचा प्रयत्न करत होते, रडत होते, काय बोलत होते ते आठवत नाही. अण्णा रागावलेले नव्हते. गोंधळलेले होते. त्यांचा घसा बसला होता.

"हाका मारून मारून घसो सुकलो माझो," ते म्हणाले. "मगे येवक कित्याक नाय?"

"मला ऐकू नाही आलं अण्णा. खरंच नाही आलं."

"असां कसां? तू उत्तर देत होतस." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "मी हाक मारलंय की तू म्हणायचस, 'आले अण्णा, आले.' दर वेळी. म्हणान मी थांबलंय. मगे वाटलां, आपणच उठूया."

"तुम्हाला ओठ दिसले असतील माझे."

"खाली पडल्यावर कसले ओठ दिसतत? आवाज येत होतो. तुझोच."

खुब्याला मुका मार आणि मनगटात बारीक फट, असं डॉक्टर म्हणाले. हाताला प्लास्टर घालून चार दिवसांनी अण्णा घरी आले. मी रजा टाकली. देवदत्तने मला दोष दिला नाही, आणि ते जास्त जड गेलं. अण्णांच्या बोलण्याबद्दल तो म्हणाला, "पडल्यावर भ्रम होतो इरा, डॉक्टर म्हणाले ना. तू नको मनाला लावून घेऊस."

"एकदा बघूया," मी म्हटलं. "मी आत उभी राहते आणि ओरडते. तू हॉलमध्ये थांब. ऐकू आलं तर हात वर कर."

"मागे आलं नव्हतं की. माहितीये आपल्याला."

"तरी."

रविवारची सकाळ होती. ब्रेकर बंद होता, हॉलमध्ये ऊन होतं, अण्णा उशीला टेकून डाव्या हाताने चहा पीत होते. देवदत्त त्यांच्या पलंगाशी उभा राहिला. मी आत गेले, टेबलाला टेकले आणि दोघांकडे तोंड केलं.

शांतता डोक्यावरून पांघरूण घेतल्यासारखी आली.

मी छाती भरून त्याचं नाव घेतलं. देवदत्त. मला स्वतःला काहीच ऐकू आलं नाही, फक्त घसा ताणला गेल्याचं कळलं.

त्याने हात वर केला.

मी पुन्हा ओरडले. देवदत्त.

त्याने पुन्हा हात वर केला. चेहऱ्यावर हसू होतं, बरं वाटल्यासारखं.

मी बाहेर आले. "काय ऐकलंस?"

"स्पष्ट आलं की. त्या दिवशी माझंच लक्ष नसेल."

"काय ऐकलंस ते सांग."

"तू म्हणालीस, 'आले, आले.' दोनदा. पण हलली तर नाहीस जागची." त्याचं हसू तसंच होतं. "का? काय झालं?"

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला होता. प्लास्टरमधला हात मांडीवर. ते देवदत्तकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तिना तसां म्हणूक नाय," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "तिना तुझां नाव घेतल्यान."

अजून वरच राहिलेला देवदत्तचा हात खाली आला.

टेबल त्याच दिवशी काढलं. स्क्रू फिरवताना देवदत्त एकदाही पूर्ण आत शिरला नाही. बाहेरून हात घालून सगळं केलं. सुटकेसा परत रचल्या. मी शीतलला कळवलं की मी ऑफिसला येते. अण्णांसाठी प्रेमाताई नावाच्या दिवसभर थांबणाऱ्या बाई ठेवल्या. कांजूरच्या आहेत, बोलक्या, स्वच्छ. त्यांना पॅसेजबद्दल काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

विक्रोळीच्या ऑफिसमध्ये एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही सगळे ओळीने बसतो. सतत कोणीतरी फोनवर असतं, कोणीतरी हसत असतं, प्रिंटर चालू असतो. पहिले काही दिवस माझं कशातच लक्ष लागलं नाही. मग हळूहळू लागायला लागलं. चुका होतात, पण सगळ्यांच्या होतात तितक्याच. गोंगाट मला आता आवडतो असं म्हटलं तरी चालेल.

अण्णाही सुधारले. प्लास्टर निघालं. जेवण वाढलं. सुरुवातीला रोज सकाळी मी निघताना ते विचारायचे, "कधी येतलस?" नंतर विचारेनासे झाले. मला वाटलं, प्रेमाताईंची सवय झाली. ते आनंदी दिसायचे. घराबाहेर पडताना माझं मन मागे ओढलं जायचं नाही, आणि कितीतरी दिवसांनी असं झालं होतं.

परवा जेवणाच्या सुट्टीनंतर प्रेमाताईंचा फोन आला. "ताई, अण्णांच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, मी खाली मेडिकलवर आलेय. इथे गर्दी आहे जरा. दार ओढून घेतलंय, अण्णा टीव्ही बघतायत. काळजी नको करू."

मी बरं म्हटलं. मग वाटलं, ते एकटे आहेत तोवर बोलावं. त्यांच्या मोबाइलवर फोन लावला. त्यांनी उचलला. मागे टीव्ही चालू होता, कुठलीतरी मॅच लागली होती.

"अण्णा, मी बोलतेय. बरे आहात ना?"

नुसता श्वास ऐकू येत होता.

"अण्णा? इरा बोलतेय."

टीव्हीचा आवाज बारीक झाला. कोणीतरी तो बारीक केला होता. अण्णांच्या जवळून, पलंगाशी उभं राहून बोलावं इतक्या जवळून, एका बाईने विचारलं, "कोणाचा फोन आहे, अण्णा?"

आमचे ऑफिसचे कॉल रेकॉर्ड होतात आणि तपासणीसाठी ते पुन्हा ऐकावे लागतात. माझा आवाज बाहेरून कसा येतो ते मला नीट माहीत आहे.

अण्णांनी फोन तोंडापासून दूर नेला. पण त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. लाडाने बोलत होते, घरच्या माणसाशी बोलावं तसं.

"कोण नाय गो," ते म्हणाले. "राँग नंबर."